पंप बंद पडण्याआधी काय घडले?

वाशिम जिल्ह्यातल्या आसेगावसारख्या गावात मोबाईल स्टार्टरवर चालणारा विहिरीवरचा पंप रात्री अचानक बंद पडला, तर कारण शोधायचे कसे? लॉजिक अ‍ॅनालायझर, म्हणजे सिग्नलचे फक्त ० आणि १ नोंदवणारे उपकरण, घ्यावे. त्याची एक तार स्टार्टरमधल्या रिलेच्या सिग्नलला, दुसरी त्यातल्या मोडेमच्या सिग्नलला जोडावी. ट्रिगर रिलेच्या बंद होण्यावर लावावा. खरी गंमत ट्रिगरपूर्व नोंदीत आहे! उपकरण जुने पुसत नवे साठवत राहते, म्हणून घटनेआधीचेही हाती लागते. मोडेमचा वेग सेकंदाला ९६०० बिट असेल, तर एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंदांचा. सेकंदाला दहा लाख नमुने भरपूर झाले. मोडेमकडून बंद करण्याची आज्ञा आलेली दिसली नाही, तर वीजपुरवठा तपासावा. मात्र व्होल्टेजचा झोका दाखवायला ऑसिलोस्कोपच हवा. जोडणी फक्त कमी व्होल्टेजच्या सर्किटला. थ्री-फेजला कदापि नाही.