तिसरी पिन

कॅबिनेटच्या मागे, एसएमपीएसच्या खटक्याशेजारी, रंग न दिलेला उघडा पत्रा असतो. मॉनिटरची केबल खोचताना माझ्या हाताची पालथी बाजू त्याला लागली आणि मुंग्या धावल्यासारखं झालं. शॉक म्हणावा एवढा जोर नव्हता. हात काढून पुन्हा लावला, पुन्हा झिणझिण्या. चप्पल घालून पाहिलं तर गायब. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर अनवाणी उभा राहिलो तर दुप्पट. नवा पीसी जोडून जेमतेम अर्धा तास झाला होता. भाचा म्हणाला, "मामा, एसएमपीएस फॉल्टी आलाय. उद्याच बदलून घेऊ."

एसएमपीएसला, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला, काहीही झालेलं नव्हतं. भिंतीतून येणारी वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. एसएमपीएस ती आधी सरळ करतो आणि मग सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो. इतक्या वेगानं तोडली की मोठा, जड ट्रान्सफॉर्मर लागत नाही, मुठीत मावेल एवढा पुरतो. जुन्या स्टॅबिलायझरचं धूड ज्यांनी उचललंय त्यांना यातली गंमत कळेल. पण या तोडाफोडीतून विजेचा गोंगाटही तयार होतो. तो घरभरच्या वायरिंगमध्ये परत जाऊ नये म्हणून आत करंगळीच्या नखाएवढ्या दोन निळ्या चकत्या, म्हणजे कपॅसिटर, बसवलेले असतात. एक फेजपासून पत्र्याला जोडलेला, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याला. गोंगाट पत्र्यावर उतरायचा आणि तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायचा, अशी योजना.

आता तिसरी पिन कुठेच पोचत नसेल तर? दोन सारखे कपॅसिटर एकापुढे एक लागले की व्होल्टेज दोघांत निम्मं-निम्मं वाटलं जातं. मधोमध असलेल्या पत्र्यावर २३० च्या निम्मे, ११५ व्होल्ट येऊन बसतात! आकडा ऐकून घाबरायला होतं, पण ५० हेलकाव्यांच्या विजेला या इवल्या चकत्या जेमतेम वाट देतात. वाहतो तो मिलिअँपिअरचा काही दशांश भाग. माणसाला वीज साधारण अर्ध्या मिलिअँपिअरला जाणवू लागते, पालथ्या हाताच्या पातळ कातडीला त्याहून कमीतही. वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा घरातला आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला उडतो, म्हणजे त्याला याची दखलही नाही.

तेव्हा झिणझिण्यांनी कुणी मरत नाही. पण ती खबर असते. उद्या आतलं इन्सुलेशन खरोखर फाटलं आणि फेज थेट पत्र्याला टेकला, तर एमसीबी पाडण्याएवढा करंट जायला वाटच नसेल. पत्रा २३० व्होल्ट घेऊन तुमच्या हाताची वाट पाहत बसेल.

मल्टिमीटर काढला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३४. फेज आणि अर्थमध्ये तितकेच यायला हवेत, दाखवले ४१. हे ४१ व्होल्ट भुताचे. डिजिटल मीटर इतका हलका असतो की बोर्डात शेजारून जाणाऱ्या वायरीच्या नुसत्या सोबतीनंही त्याचा आकडा हलतो. त्याजागी बल्ब लावला असता तर लुकलुकलाही नसता.

वायरमन आला. टेस्टर कानावर, बोलणं मुद्द्याचं. "काका, अर्थ येत नाही इथे. न्यूट्रलवरून एक तुकडा मारून देतो, दोन मिनिटांचं काम." हा जुगाड आपल्याकडे सर्रास चालतो आणि तो विषारी आहे. न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्येच जोडले की मीटर खूश, झिणझिण्या बंद. मग एखाद्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रलचा स्क्रू ढिला होतो आणि चालू असलेल्या उपकरणातून फिरून आलेला पूर्ण फेज त्या तुकड्यावाटे कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो. आजार बरा होता, औषध जिवावर उठतं. मी नको म्हणालो, बोर्ड उघडायला लावला. आत हिरवी वायर होती. दुमडून कोपऱ्यात खोचलेली, टोकाचं सालही न काढलेलं. इमारत उभी राहिल्यापासून ती तशीच बसून होती. तिचं साल काढून ती पिनेला आवळायला खरोखर दोनच मिनिटं लागली. फेज-अर्थ २३६, न्यूट्रल-अर्थ २. पत्र्याला हात लावला, पत्रा थंडगार आणि मुका.

हा पीसी घेण्याचं निमित्त साधं होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि आमचा जुना डबा विंडोज ११ च्या अटींत बसेना. आमच्या पनवेलजवळच्या करंजाड्यात घरपोच सगळं मिळतं, तरी मी आणि भाचा पनवेलहून हार्बरनं कुर्ला, तिथून दादर आणि मग ग्रँट रोड असे लॅमिंग्टन रोडला गेलो. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं हे नाव. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण दुकानदारापासून टॅक्सीवाल्यापर्यंत कुणी त्याला तसं म्हणत नाही. तिथे काउंटरवर वस्तू हातात घेऊन पाहता येते, "बिलाचं की बिनबिलाचं" या प्रश्नाला ठामपणे "बिलाचं" म्हणता येतं, आणि वॉरंटीच्या वेळी भांडायला समोर माणूस असतो. माझं मत विचाराल तर एसएमपीएस आणि युपीएस दुकानातून घ्यावेत, बाकी कुठूनही.

भाच्याची यादी ग्राफिक्स कार्डापासून सुरू झाली होती आणि एसएमपीएसपाशी पैसे संपले होते. "जो उरेल तो घेऊ." ही यादी मी उलटी केली. रॅमनं आधीच कंबरडं मोडलं होतं. एआयच्या सर्व्हरांना लागणारी मेमरी बनवण्याकडे कारखाने वळल्यानं २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले होते. ३२ जीबीचा बेत १६ वर आला. भाचा हिरमुसला तेव्हा त्याला टिफ्रॅकची गोष्ट सांगितली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, १९६० साली चालू झालेला हा भारतीय बनावटीचा संगणक. त्यात २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि मेमरी होती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची. हिशेब केला तर १० केबी. आमच्या पिशवीतली रॅम त्याच्या सोळा लाख पटींहून जास्त. त्याचं समाधान झालं नाही, पण दादरपर्यंत तो गप्प राहिला.

घेतलेला प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ७६००. खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, जोर लावला की ८८ पर्यंत जातो. त्यातली बरीचशी उष्णता येते पाऊण चौरस सेंटिमीटरहूनही लहान अशा सिलिकॉनच्या एका तुकड्यातून. कपड्यांची इस्त्री हजार वॅटची, पण तिचा तळ तळहातापेक्षा मोठा. दर चौरस सेंटिमीटरला हिशेब लावला तर इस्त्री पाच-सहा वॅट देते आणि हा तुकडा ऐंशीच्या आसपास. इस्त्रीच्या चौदा-पंधरा पट!

एवढी उष्णता कूलरच्या तांब्यात नेताना आडवी येते ती हवा. दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्म पातळीवर ते घाटासारखे खडबडीत असतात. टेकतात ती शिखरं, दऱ्यांत हवा अडकते. आणि तांब्याच्या तुलनेत हवा उष्णता वाहून नेण्यात सुमारे १५,००० पट नालायक. थर्मल पेस्ट या दऱ्या बुजवते. पण पेस्टसुद्धा तांब्यापेक्षा पन्नासेक पट कमीच. म्हणून ती पोळीला तूप लावल्यासारखी सढळ हातानं थापायची नाही. मध्यभागी वाटाण्याएवढा ठिपका ठेवायचा आणि कूलर बसवून स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे पिळायचे. दाबानं पेस्ट आपोआप पसरते. भाच्यानं पहिल्यांदा अर्धी नळी रिकामी केली होती. कापडानं पुसून पुन्हा लावावी लागली.

कूलरमधल्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात, हे अनेकांना ठाऊक नसतं. आत थोडंसं पाणी असतं, हवा काढून घेतलेली. खालच्या टोकाला पाण्याची वाफ होते, वरच्या पंखांपाशी जाऊन ती थंड होते, आणि आतल्या जाळीतून वातीत तेल चढावं तसं पाणी परत खाली येतं. दर सेकंदाला हे चक्र बिनबोभाट चालू.

यूट्यूबवरच्या परदेशी चाचण्यांतले तापमानाचे आकडे मात्र जसेच्या तसे घेऊ नका. त्यांच्या खोल्या २१-२२ अंशांच्या असतात. आमच्या हॉलमध्ये मे महिन्यात ३४ असतात, आणि तो बारा अंशांचा फरक जवळजवळ जसाच्या तसा प्रोसेसरच्या तापमानात मिळवावा लागतो. त्यांच्याकडे ७५ असेल तिथे आपल्याकडे ८७. हा प्रोसेसर ९५ ला स्वतःचा वेग आवरतो.

दमट हवेचं काय? इथे एक मजा आहे. दमट हवा आपल्याला छळते कारण घाम वाळत नाही. प्रोसेसरला घाम येत नाही. त्याला फक्त हवा किती अंशांची आहे याच्याशी कर्तव्य. जुलैतली २८ अंशांची चिकचिकीत दुपार त्याला चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या कोरड्या दुपारपेक्षा कितीतरी सुखाची.

दमटपणाचा धोका निराळाच आहे. पावसाळ्यात बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर २५ अंशांच्या आसपास दव पडू लागतं. बेडरूममध्ये रात्रभर एसी २२ वर, पीसी बंद. सकाळी एसी बंद करून खिडकी उघडली की गार पडलेल्या कॅबिनेटवर, आतल्या मदरबोर्डवरही, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखे थेंब जमू शकतात. त्यात करंजाड्याची धूळ. इथे कुठल्याही दिशेला खिडकी उघडा, कुठेतरी बांधकाम चालू असतंच, आणि नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची अख्खी टेकडी कापली गेलेली आपण पाहिली आहे. कोरडी धूळ निरुपद्रवी, ओली धूळ वीज वाहून नेते आणि पितळ-तांब्याला खाते. म्हणून हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवले आणि त्यांच्यापुढे जाळी लावली. आत दाब किंचित जास्त राहिला की फटींतून हवा बाहेर जाते, धूळ आत शिरत नाही. जाळी दर पंधरवड्याला नळाखाली धुवायची आणि पूर्ण वाळवून मगच लावायची. एसी बंद केल्यावर खिडकी उघडण्याआधी तासभर थांबायचं.

याच दमटपणाचा एक फायदाही आहे. जोडणी करताना हातात अर्थिंगचा पट्टा बांधा, गालिच्यावर उभे राहू नका, ही धास्ती कोरड्या थंड देशांतली. हवेत ओल असली की वस्तूंवर पाण्याचा अदृश्य थर बसतो आणि स्थिर वीज साठण्याआधीच निसटते. तरीही डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या दुपारी काळजी घ्यावी. आपल्याला ठिणगी जाणवते ती तीन हजार व्होल्टच्या आसपास, आणि चिप त्याच्या कितीतरी खाली, आपल्याला न कळता, जायबंदी होऊ शकते. रॅम उचलण्याआधी प्लगमध्ये लावलेल्या, पण खटका बंद असलेल्या एसएमपीएसच्या पत्र्याला हात लावायचा. म्हणजे पुन्हा तिसरी पिन आलीच.

आणि लाइट. पहिल्या पावसात ती ये-जा करतेच. एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर पोटात साधारण २५ जूल ऊर्जा धरून असतो. साखरेची किलोची पिशवी अडीच मीटर उचलायला लागेल एवढी. यातली सगळी वापरता येत नाही, तरी पूर्ण भारावर १६-१७ मिलिसेकंद निभावतात. साधा युपीएस बॅटरीवर यायला दहाच्या आत घेतो, त्यामुळे त्या फटीत पीसीला पत्ताही लागत नाही. स्वस्त एसएमपीएसमध्ये पहिली काटछाट होते ती याच कपॅसिटरवर. मग "युपीएस आहे तरी पीसी रीस्टार्ट होतो" अशी तक्रार येते आणि शिव्या युपीएसला पडतात. जाता जाता, एसएमपीएस घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही तो कपॅसिटर भरलेला असू शकतो.

स्पाइक गार्डही अर्थिंगवाचून अर्धाच. जादा व्होल्टेज ओतायला त्याला जमीन लागते.

निघताना वायरमननं मला खाली नेऊन सोसायटीचा अर्थिंगचा खड्डा दाखवला. झाकण फुटलेलं, आत माती भुसभुशीत कोरडी. या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात ते ओल धरून ठेवण्यासाठी. माती सुकली की जमिनीत जाणारी वाट अरुंद होते. "उन्हाळ्यात दोन बादल्या पाणी घालत जा, काका," तो म्हणाला. पिण्याच्या पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या सोसायटीत ते कोण घालणार, हे त्यालाही ठाऊक होतं. आता बाथरूममधलं कपडे धुतलेलं पाणी मी तिथे नेऊन ओततो.

तुमच्या इमारतीच्या खड्ड्याचा रोध शेवटचा कधी मोजला होता, हे पुढच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींना जरूर विचारा. मोजणी मे महिन्यात करायला सांगा. पावसाळ्यात ओल्या मातीत कुठल्याही खड्ड्याचा आकडा चांगलाच येतो.