विहिरीत ठेवलेला उन्हाळा

विहिरीचं पाणी थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार लागतं, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. जमिनीच्या या गुणाचा मोठा वापर शांघायमध्ये सुरू झाला, तोही वेगळ्याच कारणाने. कापड गिरण्यांनी थंडाव्यासाठी इतकं भूजल उपसलं की शहर खचू लागलं. ते थांबवायला १९६०च्या दशकात हिवाळ्यातलं गार पाणी परत जमिनीत सोडलं गेलं आणि ते उन्हाळ्यातही गारच निघालं.

शेतीत ही युक्ती रुजली नेदरलँड्समध्ये. तिथल्या वेस्टलँड भागातल्या काचघरांत पूर्वी उन्हाळ्याची उष्णता खिडक्या उघडून बाहेर घालवायची आणि हिवाळ्यात उबेसाठी नैसर्गिक वायू जाळायचा, असं चाले. मग जमिनीखालच्या वाळूच्या थरात दोन विहिरी आल्या. उन्हाळ्यात गार विहिरीतलं पाणी काचघरातून फिरून ऊब घेतं आणि दुसऱ्या विहिरीत जातं. हिवाळ्यात प्रवास उलटा. २००० नंतर तर खिडक्याच न उघडणारी टोमॅटोची काचघरं उभी राहिली.

वायू किती वाचला, याचा हिशेब पहिल्यापासून मांडला गेला. पाण्याचं काय होतं, याकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेलं, आणि मला ते खटकतं. तिथलं भूजल मुळात १०-१२ अंशांचं. ते तापलं की चुन्याचा साका बसतो, म्हणून फार गरम साठवण अवघड जाते. वेगवेगळ्या खोलीचं पाणी एकत्र आलं की समुद्राकाठी गोड्यात खारं मिसळतं. लोहयुक्त पाण्यात प्राणवायू शिरला तर गंज बसून विहीर बुजते.

खरी काळजी आर्सेनिकची. मॅथाइस बोन्टे हे भूजल-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूजलाच्या थरातली वाळू नळ्यांत भरून वेगवेगळ्या तापमानाला तिच्यातून पाणी सोडलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: २५ अंशांनाच पाण्यातलं आर्सेनिक वाढलं, ६० अंशांना आणखी बरंच काही विरघळलं. आणि २५ अंश हीच तर तिथल्या नेहमीच्या साठवणीची कायदेशीर मर्यादा! पिण्याच्या पाण्याच्या संरक्षित क्षेत्रांत अशा विहिरींना मज्जाव असतो, तो योग्यच आहे.

पुढे वेस्टलँडमधल्याच मॉन्स्टर गावी, कोवळी रोपं पिकवणाऱ्या एका काचघराला प्रयोग म्हणून २५ अंशांची मर्यादा ओलांडायची मुभा मिळाली. या वेळी मात्र तापमानाबरोबर पाण्यातली रसायनं आणि जिवाणूही तपासले गेले.