खोली आणि निवास

विद्यार्थ्यास राहावयास खोली मिळाली म्हणजे त्याच्या निवासाची सोय झाली, असा एक समज आमच्या नांदेड-लातूरकडे दृढ होऊन बसला आहे. जून महिना लागला की खेड्यापाड्यांतून बाप आपल्या मुलास किंवा मुलीस घेऊन शहरी येतो. गादी, पेटी व घरून बांधून दिलेली शिदोरी खोलीत ठेवतो, घरमालकास आगाऊ भाडे मोजतो, खाणावळीचा डबा लावून देतो आणि संध्याकाळच्या एस. टी.ने गावी परततो. त्या क्षणापासून त्या सतरा-अठरा वर्षांच्या जिवाची चौकशी करणारे कोण? शिक्षक तास संपला की आपल्या घरी जातो. घरमालकाची ओळख महिन्याच्या पहिल्या तारखेपुरती. भाडेकरार हा घरमालक व भाडेकरू यांच्यातील व्यवहार असतो. त्यात पालकत्वाचे कलम नसते, आणि नसते म्हणून घरमालकास दोष देणेही न्यायाचे नव्हे. दोष आहे तो खोलीलाच निवास समजणाऱ्या आम्हां सर्वांचा.

निवासी महाविद्यालय म्हणजे महाविद्यालयाशेजारी बांधलेल्या खोल्यांची चाळ नव्हे. जेथे शिक्षक व विद्यार्थी एका आवारात राहतात, एका पंक्तीस जेवतात, आणि तासात सुटलेला प्रश्न सायंकाळी फिरावयास जाताना पुन्हा चर्चेस घेतात, ते निवासी महाविद्यालय. ही कल्पना परदेशी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आपलाच इतिहास पाहावा. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्या विद्यापीठाखालील पुण्याच्या डेक्कन कॉलेजाच्या येरवड्याकडील आवारात विद्यार्थी राहत असत. तेथेच टिळक व आगरकर यांचे तासन्‌तास वाद झाले आणि सरकारी नोकरीचा मोह सोडून शिक्षणास वाहून घेण्याचा संकल्प त्या वादांतून निघाला. १८८० सालचे न्यू इंग्लिश स्कूल व १८८५ सालचे फर्ग्युसन कॉलेज ही त्या संकल्पाची फळे होत. दोघे निरनिराळ्या गल्ल्यांत भाड्याने राहून केवळ तासास येत-जात असते, तर हे घडते काय?

मराठवाड्याचा अनुभव याहून बोलका आहे. आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि १९१८ साली स्थापन झालेले हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ हेच आमच्या मुलांचे उच्च शिक्षणाचे दार होते. माध्यम उर्दू, मराठी मुलास परक्या भाषेचा डोंगर चढूनच विद्या गाठावी लागे. तरीही १९३८ साली त्याच विद्यापीठाच्या वसतिगृहांतून 'वंदे मातरम्' उमटले. अधिकाऱ्यांनी बंदी घातली, विद्यार्थी हटले नाहीत, आणि त्यांस विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू केदार यांनी या मुलांस आपले दार उघडून दिले. एकट्या खोलीतील मुलगा एवढे धैर्य क्वचितच करतो. जे एकत्र राहिले, त्यांनी ते केले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मुलूख मुक्त झाला आणि दोन वर्षांच्या आत शिक्षणाची दोन मोठी कामे उभी राहिली. १९५० साली नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले, आणि त्याच साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या वेळच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. ज्यांच्या घरी दिवा लावून वाचावयास कोपरा नव्हता, त्या मुलांकरिता नागसेनवनात महाविद्यालयाबरोबर वसतिगृहेही उभी राहिली. मराठवाड्यास स्वतंत्र विद्यापीठ १९५८ साली मिळाले. तोवर ही नवी महाविद्यालये जुन्या उस्मानियाच्याच छत्राखाली होती. विद्यापीठ जुने असले तरी त्याच्या पोटी नवी रीत जन्मास येऊ शकते, याचा हा घरचाच दाखला. केंब्रिजसारख्या शतकानुशतकांच्या विद्यापीठानेही १९६० साली चर्चिल कॉलेज हे नवे निवासी महाविद्यालय काढण्यात कमीपणा मानला नाही.

आज नांदेडास १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ आहे, लातुरास त्याचे उपकेंद्र आहे. विष्णुपुरीच्या आवारात वसतिगृहेही आहेत. शासनाच्या स्वाधार योजनेतून व पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या निर्वाहभत्ता योजनेतून पात्र मुलांस पैसा मिळतो, हेही खरे. परंतु पैशाने भाडे भागते. सहवास विकत मिळत नाही. यासाठी आमची मागणी स्पष्ट आहे. विद्यापीठाने नांदेडास एक व लातुरास एक असे लहानसे निवासी महाविद्यालय काढावे. प्रत्येकी दोनशे विद्यार्थी पुरेत, त्यांत निम्म्या मुली असाव्यात. शिक्षकांची घरे त्याच आवारात असावीत. स्वयंपाकघर एक असावे, पंगत एक असावी. प्रवेशात कोरडवाहू शेतकऱ्याच्या, शेतमजुराच्या व ऊसतोड्याच्या घरचा पहिला मान असावा.

यावर आक्षेप येतील. जातवार वसतिगृहे आहेतच, मग ही नवी कशास? उत्तर असे की, शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे काढली ती काळाची गरज होती. परंतु कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यास सर्व जातींची मुले एकाच छपराखाली ठेवून पुढचे पाऊल टाकले, आणि १९२७ साली महात्मा गांधींनी त्या बोर्डिंगास शाहू छत्रपतींचे नाव दिले. त्या पावलाच्या मागे आम्ही जावे काय? दुसरा आक्षेप पाण्याचा व पैशाचा. ज्या लातुरास २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे पाण्याचा विचार प्रथम व्हावा हे आम्हांस मान्य आहे. परंतु तेवढीच मुले निरनिराळ्या शंभर घरांत राहिली म्हणून पाणी कमी लागते, असे नाही. उलट एका आवारात ते जपून वापरता येते.

राहता राहिला पैसा. येथे आमचे बोलणे आडतीवर बसणाऱ्या वाचकांशी आहे. लातूरची तूर व सोयाबीन, नांदेडचा कापूस ज्या घरांतून येतो, त्याच घरांतून ही मुलेही येतात. ज्यांच्या मालावर पेढी चालते, त्यांच्या मुलांकरिता एक खोली बांधून देणे हा उपकार नव्हे. हिशेब पुरा करणे आहे. व्यापाऱ्यांनी धर्मशाळा बांधल्या, गोशाळा चालविल्या. आता विद्याशाळेतील एकेक खोली आपल्या वडिलांच्या नावे बांधावी. मग विद्यापीठास 'पैसा नाही' हे उत्तर देता येणार नाही.

पुढच्या जूनमध्येही तो बाप एस. टी.तून उतरेल. त्या वेळी मुलीस कोणाच्या हवाली करून जावे, असे त्याने विचारले, तर त्यास दाखवावयास आपल्यापाशी एक आवार असावे, इतकीच आमची मागणी आहे.