तलवार पास, पेट्या नापास

बंदुकीचं आम्हा शहापूरकरांना फारसं नवल नाही. जवाहरनगरचा आयुध कारखाना आमच्या शेजारीच, आणि तोफा-बंदुकांना लागणारी स्फोटकं बनवण्यात तिथल्या कितीतरी घरांची हयात गेलेली. तलवारीचं मात्र आकर्षण आहे. म्हणूनच माझ्या दुकानात 'रेड स्टील २' हा तलवारीचा व्हिडिओ गेम सुरू झाला, की दुरुस्तीला आलेलं गिऱ्हाईकही आपला मोबाइल विसरून उभं राहतं.

माझं दुकान टीव्ही-मोबाइल दुरुस्तीचं, महामार्गालगत. अमेरिकेतून परतलेल्या बहिणीच्या सामानात निन्टेंडोचा 'वी' हा जुना खेळयंत्राचा डबा निघाला, सोबत 'रेड स्टील'चे दोन्ही भाग. तिकडचा अॅडाप्टर १२० व्होल्टचा. आपल्या भिंतीत तो लावला असता तर धूरच निघाला असता. पण डब्याला आत लागतात ते १२ व्होल्ट डीसी. दुकानातल्या एका दणकट अॅडाप्टरला त्याची पिन जोडली आणि काम झालं.

दुसरी अडचण गमतीची होती. टीव्हीवर ठेवायच्या पट्टीची वायर उंदरांनी कुरतडली होती. आता या पट्टीत टिपणारं असं काही नसतंच. दोन्ही टोकांना अवरक्त दिवे असतात एवढंच. ते पाहणारा कॅमेरा असतो हातातल्या रिमोटच्या तोंडाशी. दिव्यांचे दोन ठिपके कुठे दिसतात, त्यावरून तुमचा नेम पडद्यावर कुठे आहे ते ठरतं. ज्योतीतही अवरक्त प्रकाश असतो, म्हणून टीव्हीच्या दोन बाजूंना दोन पणत्या लावल्या आणि बंदूक अचूक चालली. (पडदे आणि लहान मुलं लांब ठेवा.) उलट खिडकीतून थेट ऊन आलं, की नेम सैरभैर होतो.

पहिला 'रेड स्टील' नोव्हेंबर २००६ मध्ये, 'वी' यंत्रासोबतच बाजारात आला. बनवला युबिसॉफ्ट कंपनीच्या पॅरिसमधल्या स्टुडिओनं. स्कॉट नावाच्या तरुणाची वाग्दत्त वधू मियू पळवली जाते आणि लॉस एंजेलिसपासून टोकियोपर्यंत जपानी टोळ्यांशी मारामारी होते, अशी गोष्ट. हातात रिमोट नाही, तलवार आहे, असं वाटायला लावण्याचा त्याचा वायदा होता. तो फसला. त्या रिमोटमध्ये त्वरणमापक होता. हात किती झटक्यानं हलला हे त्याला समजे, पण किती आणि कोणत्या अंगाला वळला, हे धड समजत नसे. म्हणून खेळ आपल्या हालचालीचा अंदाज बांधायचा आणि आधीच ठरवलेल्या चार-दोन वारांपैकी एक पडद्यावर दाखवायचा. शिवाय तलवार उपसायची ती खेळ सांगेल तिथेच.

जून २००९ मध्ये निन्टेंडोनं रिमोटच्या बुडाला लावायचा 'मोशन प्लस' हा ठोकळा आणला. त्यात जायरोस्कोप होता. आज बीजीएमआय खेळणारी पोरं फोन तिरपा करून नेम धरतात, तोच हा प्रकार. वळण किती वेगानं झालं हे तो मोजतो. मार्च २०१० मध्ये आलेला 'रेड स्टील २' या ठोकळ्याशिवाय चालतच नाही. गोष्टही सगळी नवी: नेवाडाच्या वाळवंटातलं काल्डेरा शहर, कुसागारी घराण्यातला शेवटचा उरलेला बिननावाचा नायक, कमरेला पिस्तूल आणि 'सोरा' नावाची तलवार. काऊबॉय आणि सामुराई एकाच अंगरख्यात, आणि चित्रं कॉमिकच्या पुस्तकासारखी रेखीव. त्या कमकुवत यंत्रावरसुद्धा हा खेळ आजही देखणा दिसतो, हे त्या चित्रकारांचं श्रेय.

मी तरुणपणी लाठीकाठी शिकलोय. उस्ताद पहिल्या दिवशी सांगायचे, वार मनगटाचा नाही, खांद्याचा. हा खेळ नेमकं तेच मागतो. सोफ्यावर रेलून मनगट हलवलं तर वार बोथट. चिलखतवाल्यावर त्याचा काही परिणाम नाही. पूर्ण हात फिरवला तरच चिलखत फुटतं. आणखी एक उत्तम गोष्ट म्हणजे हत्यार बदलायचं बटणच नाही. रिमोटखालचा खटका दाबला की गोळी, हात फिरवला की तलवार. एकाला कापताकापता दुसऱ्यावर गोळी झाडता येते, आणि एक बटण दाबून धरलं की तलवारीनं गोळ्याही अडवता येतात. तिजोरी फोडायची तर रिमोट कानाशी धरायचा, हळूहळू फिरवायचा आणि त्याच्या छोट्या स्पीकरमधून येणारा 'टक्' ऐकायचा. माझी लेक त्यात पटाईत आहे.

पडद्यावरची तलवार हाताच्या प्रत्येक हालचालीमागे तंतोतंत येत नाही, अशी तक्रार करणारे आहेत. मला ती पटत नाही. खरी तलवार समोरच्या तलवारीवर आपटून थांबते. इथे हात हवेत पुढे निघून जातो. शेजारचा पोरगा पहिल्याच डावात म्हणाला, "काका, मारलं तं मारलं, पण हाताले काईच नाई लागत जी!" ही उणीव कोणताही जायरोस्कोप भरून काढू शकत नाही. म्हणून वाराची दिशा आणि जोर तेवढा ओळखायचा आणि बाकीचं चित्रावर सोडायचं, हा बनवणाऱ्यांचा निर्णय शहाणपणाचाच होता.

वैताग येतो तो भलत्याच कारणांनी. पैशासाठी दिसेल ती पेटी आणि पिंप फोडत हिंडायचं. दार उघडायला थांबायचं, कारण पलीकडचा भाग तेवढ्यात लोड होत असतो. त्याच त्या गल्ल्यांतून कामांसाठी खेटे. कथा तर नावापुरतीच. आणि सगळ्यात मोठा दोष म्हणजे हा खेळ एकट्याचा आहे. पहिल्या भागात पडद्याचे तुकडे करून चौघं एकमेकांशी लढू शकत. दुसऱ्यात ती सोय काढूनच टाकली. आमच्याकडे एक पोरगं खेळतं आणि बाकीची "आता मले दे" म्हणून भांडतात. तलवारीच्या खेळात समोर माणूस नसावा, हे मला अक्षम्य वाटतं.

याच युबिसॉफ्टचा २००८ पासून पुण्यातही स्टुडिओ आहे. तिथल्या मंडळींनी दांडपट्ट्याकडे पाहावं. पट्ट्यात मूठ खोबळ्यात बंद असते, मनगट वाकत नाही आणि सगळा वार कोपर-खांद्यातून निघतो. मनगटाचा चोरटा झटका तिथे चालणारच नाही. हालचाल टिपणाऱ्या खेळाला याहून सोयीचं हत्यार कुठलं मिळणार?

'रेड स्टील'चा तिसरा भाग निघाला नाही. दुसरा भागही 'वी'खेरीज दुसऱ्या यंत्रासाठी आला नाही, तेव्हा खेळायचा तर जुना डबाच शोधावा लागेल. सेकंडहँड घेताना तीन गोष्टी पाहा. रिमोटमध्ये 'मोशन प्लस' आतच आहे की वेगळा ठोकळा लावावा लागतो. अॅडाप्टर किती व्होल्टचा आहे. आणि मनगटाची दोरी शाबूत आहे का. ती तुटून रिमोट उडत असल्यानं निन्टेंडोनं डिसेंबर २००६ मध्ये सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायची घोषणा केली होती. फुटलेला टीव्ही दुरुस्त करणं मला परवडतं, तुम्हाला नाही परवडणार.