‘मनुष्याचा पुत्र’ म्हणजे नुसता माणूस?

‘देवाचा पुत्र’ म्हणजे येशूचे देवपण आणि ‘मनुष्याचा पुत्र’ म्हणजे त्याचे माणूसपण, ही वाटणी इतकी सुटसुटीत आहे की ती तपासून पाहावी असे सहसा कोणाला वाटत नाही. श्रद्धाळू ख्रिस्ती माणूस दुसऱ्या उपाधीत येशूची नम्रता पाहतो. ख्रिस्ती श्रद्धा न मानणारा वाचक याच उपाधीवर बोट ठेवून म्हणतो, पाहा, तो स्वतःच स्वतःला मनुष्याचा पुत्र म्हणवतो, मग अनुयायांनी त्याला देवत्व कशाला चिकटवायचे? दोघांचे निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध असले तरी पाया एकच आहे. तो पाया कच्चा आहे. नव्या करारातला पुरावा नीट लावला, तर येशूने स्वतःबद्दल केलेला सगळ्यात मोठा दावा नेमका याच साध्या दिसणाऱ्या शब्दांत दडलेला आढळतो.

गैरसमज निर्माण का झाला हे समजणे अवघड नाही, कारण शब्दांचा मूळ अर्थ खरोखरच ‘माणूस’ असा आहे. हिब्रूतला ‘बेन आदाम’ आणि अरामीतला ‘बर एनाश’ हे त्या भाषांचे नेहमीचे वाक्प्रचार आहेत. मराठी वाचकाला ते परके वाटू नयेत. मनुज म्हणजे मनूपासून जन्मलेला, पण तो शब्द वापरताना आपल्याला मनूची वंशावळ सांगायची नसते, माणूस एवढेच म्हणायचे असते. लक्ष्मीपुत्र म्हटल्यावर त्याच्या आईचे नाव कोणी विचारत नाही. यहेज्केल संदेष्ट्याला देव नव्वदहून अधिक वेळा ‘मानवपुत्रा’ अशी हाक मारतो, आणि तिथे अर्थ सरळ आहे: तू मर्त्य आहेस, माझ्यासमोर उभा असलेला मातीचा माणूस आहेस. आठव्या स्तोत्रातही आकाशाच्या विस्ताराकडे पाहून माणसाच्या क्षुद्रतेचे नवल करताना हाच वाक्प्रचार येतो. एवढ्यावर थांबले तर रूढ समजूत बरोबरच ठरेल. पण शुभवर्तमानांत हा वाक्प्रचार ज्या रूपात आणि ज्या तऱ्हेने येतो, ते पाहिल्यावर थांबता येत नाही.

चार शुभवर्तमानांत मिळून ही उपाधी सुमारे ऐंशी वेळा येते आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ती येशूच्याच तोंडी आहे. शिष्य त्याला गुरुजी म्हणतात, प्रभू म्हणतात, पेत्र त्याला ख्रिस्त म्हणतो, पण मनुष्याचा पुत्र अशी हाक त्याला कोणीच मारत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात जमाव हे शब्द उच्चारतो, तोही येशूचेच बोलणे परतवून हा मनुष्याचा पुत्र कोण, असे विचारण्यासाठी. प्रेषित पौलाच्या पत्रांत ही उपाधी एकदाही नाही. शुभवर्तमानांबाहेर ती ठळकपणे भेटते ती प्रेषितांच्या कृत्यांत, दगडांचा मारा होण्याआधी हुतात्मा स्तेफनाच्या तोंडी. शिवाय ग्रीक मजकुरात ती जवळजवळ नेहमी निश्चयवाचक उपपदासह येते. म्हणजे ‘कोणी एक’ मनुष्यपुत्र असा अर्थ नसून ‘तो’ मनुष्यपुत्र असा आहे. मग ‘तो’ कोण?

उत्तर जुन्या करारातल्या दानीएलाच्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात आहे. बहुतेक अभ्यासक या ग्रंथाचे अंतिम रूप इसवी सनापूर्वी १६५च्या सुमाराचे मानतात. त्या वेळी अँटिओकस चौथा एपिफेनस या राजाने यरुशलेमेतले मंदिर विटाळले होते आणि यहुदी धर्माचरणावर बंदी घातली होती. दृष्टान्तात खवळलेल्या समुद्रातून एकामागून एक चार श्वापदे वर येतात: सिंहासारखे, अस्वलासारखे, चित्त्यासारखे आणि चौथे लोखंडी दातांचे, ज्याला कशाची उपमाच देता येत नाही. ही एकावर एक आलेली साम्राज्ये आहेत. मग न्यायासन मांडले जाते, पुराणपुरुष, म्हणजे देव, आसनस्थ होतो आणि आकाशातल्या मेघांसह ‘मनुष्यपुत्रासारखा’ कोणी एक त्याच्यापुढे आणला जातो. सर्व राष्ट्रांवरचे, कधीही न संपणारे राज्य त्याला दिले जाते. जुन्या करारात मेघ हे देवाचे वाहन आहे. स्तोत्रांत आणि यशयात परमेश्वर मेघावर आरूढ होऊन येतो, आणि त्याही आधीच्या, सीरियाच्या किनाऱ्यावर उगारीत इथे सापडलेल्या मृत्पट्टिकांत ‘मेघारूढ’ हे बआल देवाचे बिरुद आहे. मर्त्य माणसासारखा दिसणारा कोणी देवाच्या वाहनावरून येतो, ही कल्पना त्या काळच्या वाचकाला दचकवणारी होती.

हा संबंध येशूने स्वतः जोडला याचा सगळ्यात बोलका पुरावा मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातल्या चौकशीत आहे. प्रमुख याजक विचारतो, तू ख्रिस्त, धन्यवादिताचा पुत्र आहेस काय? येशू होय म्हणतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. मनुष्याचा पुत्र सर्वसमर्थाच्या उजवीकडे बसलेला आणि आकाशातल्या मेघांसह येताना तुम्ही पाहाल, असे तो पुढे सांगतो. उजवीकडे बसण्याचे एकशेदहावे स्तोत्र आणि मेघांचा दानीएलाचा दृष्टान्त अशा दोन गोष्टी त्याने एका वाक्यात आणल्या. यावर प्रमुख याजक वस्त्रे फाडतो आणि ही ईश्वरनिंदा आहे असे म्हणतो. पुत्रत्वाचा शब्द याजकाने स्वतःच वापरला होता. वस्त्रे फाटली ती मात्र ‘मनुष्याचा पुत्र’ ऐकल्यावर. ही उपाधी नुसत्या माणूसपणाची असती तर त्या सभागृहात संतापण्यासारखे काय होते?

यावर पहिला आक्षेप परंपरेचा आहे. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस इफिसकरांना लिहिताना दाविदाच्या वंशातला येशू मनुष्याचा पुत्र आणि देवाचा पुत्र आहे, अशी जोडी लावतो. म्हणजे ही वाटणी फार जुनी आहे. पण जुनी आहे म्हणून ती येशूची ठरत नाही. ग्रीक ऐकणाऱ्या कानाला अरामी वाक्प्रचार आणि त्यामागचा दानीएल दोन्ही ऐकू येत नव्हते. तिथे हे शब्द अक्षरशः घेतले गेले, आणि येशूच्या देवपणाच्या आणि माणूसपणाच्या सिद्धान्तासाठी चर्चला जे सोयीचे जोडशब्द हवे होते ते आयते मिळाले. येशू पूर्ण मानव होता हा ख्रिस्ती विश्वास त्यामुळे डळमळत नाही. त्या विश्वासाचा आधार येशूच्या जन्मात, भुकेत आणि मरणात आहे, या उपाधीत तो शोधण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गेझा वर्मेश या अभ्यासकाने १९६०च्या दशकात मांडले की गालीलच्या अरामी बोलीत ‘बर नाश’ हा ‘मी’ म्हणण्याचा आडवळणाचा प्रकार होता. आपणही संकोचाने ‘माणसाने करायचे तरी काय’ असे म्हणतो तेव्हा बोलत असतो स्वतःबद्दलच. काही वाक्यांना हे छान लागू पडते. कोल्ह्यांना बिळे आहेत पण मनुष्याच्या पुत्राला डोके टेकायला जागा नाही, हे त्यांतलेच एक. मात्र वर्मेशने दिलेली उदाहरणे येशूनंतरच्या रब्बींच्या ग्रंथांतली आहेत, हा त्यावरचा आक्षेप आजही उभा आहे. आणि मेघांवरून येण्याचे वाक्य या चावीने उघडत नाही. ते वाक्य नंतरच्या चर्चने येशूच्या तोंडी घातले असे म्हणावे, तर जे चर्च एरवी आपल्या कबुलीत आणि पत्रांत ही उपाधी वापरतच नाही, त्याने ती इतक्या वेळा आणि जवळजवळ फक्त येशूच्याच तोंडी का रचावी, याचे समाधानकारक उत्तर मला कुठे मिळत नाही.

तिसरा आक्षेप दानीएलाच्याच अध्यायातून येतो: दृष्टान्ताचा अर्थ सांगताना राज्य परात्पराच्या पवित्र जनांना मिळते असे म्हटले आहे, तेव्हा ती आकृती एक व्यक्ती नसून इस्राएल लोक आहेत. हे खरे आहे, पण अपुरे. त्याच अध्यायात श्वापदांना एकदा राजे म्हटले आहे आणि एकदा राज्य. राजा आणि प्रजा एकाच आकृतीत पाहण्याची ती रीत आहे. हनोखाच्या यहुदी ग्रंथातल्या ‘दृष्टान्तां’त, जे आज गीझ भाषेत टिकले आहेत आणि इथिओपियाच्या चर्चला पवित्र आहेत, मनुष्यपुत्र वैभवाच्या आसनावर बसून राजांचा न्याय करतो. सूर्य आणि तारे घडण्याआधीच त्याचे नाव घेतले गेले आहे. म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या बाहेरच्या यहुदी मनानेही दानीएल असा वाचला होता.

उलट बाजूने ‘देवाचा पुत्र’ हा शब्दही वाटतो तितका उंच नव्हता. निर्गमाच्या ग्रंथात सारे इस्राएल देवाचा ज्येष्ठ पुत्र आहे, दुसऱ्या स्तोत्रात सिंहासनावर बसणारा राजा देवाचा पुत्र आहे, ईयोबाच्या आरंभी दिव्य दूतांनाही तेच म्हटले आहे. नव्या करारात त्या शब्दाला पुढे फार खोल अर्थ आला, पण केवळ शब्दावरून देवपण सिद्ध होत नाही, जसे केवळ शब्दावरून माणूसपणही सिद्ध होत नाही.

तरीही दानीएलाचा वैभवशाली राजा एवढेच उत्तर देऊन येशूचे बोलणे संपत नाही. तो पापांची क्षमा करण्याचा अधिकार या उपाधीला जोडतो, शब्बाथावरची सत्ता जोडतो, आणि मग, शिष्यांना न पचणारे दुःखही जोडतो: मनुष्याच्या पुत्राने नाकारले जावे, मारले जावे. दानीएलात सर्व राष्ट्रे त्याची सेवा करतात. मार्काच्या दहाव्या अध्यायात, उजव्या-डाव्या आसनांसाठी भांडणाऱ्या शिष्यांपुढे, येशू ते वाक्य उलटे करतो. मनुष्याचा पुत्र सेवा करून घ्यायला आलेला नाही, सेवा करायला आणि पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव द्यायला आला आहे, असे तो सांगतो. नम्रता इथे आहे, पण ती शब्दार्थात नाही. समुद्रातून आलेल्या श्वापदांच्या जागी जे राज्य यायचे होते, त्याचा राजा कसा वागेल हे तो त्या बारा जणांना सांगत होता, आणि हे बोलणे झाले तेव्हा ते सगळे यरुशलेमेच्या वाटेवर होते.