खलनायकाची फिर्याद कोण लिहून घेणार?

गोष्ट लिहिणारा ज्याच्या बाजूचा असतो तो नायक होतो आणि ज्याच्या विरोधात असतो तो राक्षस. हे सत्य महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त उघडे केले. पुराणांनी ज्या बळीला पाताळात गाडले, त्याला फुल्यांनी शेतकऱ्यांचा, बहुजनांचा राजा म्हणून वर काढले आणि त्याला गाडणाऱ्या वामनाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. गोष्ट तीच, पात्रे तीच. फक्त उलटतपासणी पहिल्यांदा झाली. विशेष म्हणजे आमच्या आयाबहिणी त्याआधीपासूनच दिवाळीत बळीचे राज्य येवो म्हणून ओवाळत आल्या होत्या. लोकांच्या मनाने पुराणाचा निकाल कधी मान्यच केला नव्हता.

आज हा विषय काढण्याचे कारण वेगळे आहे. आमच्या हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावातली पोरेसुद्धा आता मोबाईलवर हिंदीत डब केलेले अमेरिकन सुपरहिरोंचे सिनेमे बघतात. मोठी माणसे त्याला पोरखेळ समजतात. आम्ही तसे समजत नाही. पुराणे गेली नाहीत, त्यांनी कपडे बदलले आहेत. म्हणून या नव्या पुराणांचीही उलटतपासणी झाली पाहिजे.

हे सिनेमे जुन्या कॉमिक्सवरून बनतात. पण पडद्यावर आणताना खलनायकाची गोष्ट बदलतात. 'एक्स-मेन'मधला मॅग्नेटो १९६३ साली कॉमिक्समध्ये आला तेव्हा तो जगावर राज्य करू पाहणारा एक दुष्ट माणूस होता, बस्स. १९८० च्या दशकात लेखकांनी त्याला नाझी छळछावणीतून वाचलेला मुलगा केले आणि २००० सालच्या सिनेमाची सुरुवातच त्या छावणीच्या फाटकापासून झाली. १९९१ च्या कॉमिक्समधला थॅनोस मृत्युदेवीला खूश करण्यासाठी अर्धे विश्व मारतो. २०१८ च्या सिनेमात तोच थॅनोस खाणारी तोंडे जास्त आणि साधने कमी असा हिशेब मांडून मारतो. २०१९ च्या 'जोकर'मध्ये तर सरकारने पैसे बंद केल्यामुळे ज्याचे औषधोपचार थांबले असा एक गरीब, आजारी माणूस दाखवला आहे.

म्हणजे सिनेमावाल्यांना एक गोष्ट कळली आहे. आजचा प्रेक्षक 'तो जन्मतःच दुष्ट होता' एवढ्यावर समाधान मानत नाही. त्याला कारण हवे असते. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर दोषारोपपत्रात आता हेतूचा रकाना भरावा लागतो.

या सगळ्यात आमच्या जिव्हाळ्याचा सिनेमा म्हणजे २०१८ चा 'ब्लॅक पँथर'. हे नाव आम्हांला परके नाही. १९६६ साली अमेरिकेतल्या ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली आणि तिच्यापासून प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. या सिनेमातला खलनायक किलमाँगर १९७३ साली कॉमिक्समध्ये आला. तिथे त्याच्या वैराचे मूळ क्लॉ नावाच्या बाहेरच्या लुटारूच्या हल्ल्यात आहे. सिनेमाने हे मूळच बदलले. सिनेमात त्याच्या बापाला वाकांडाचा राजा, म्हणजे बापाचा सख्खा भाऊच ठार करतो आणि पोरक्या मुलाला ओकलंडच्या गरीब वस्तीत टाकून निघून जातो. दोष बाहेरच्या चोराकडून घरच्या सिंहासनाकडे आला. दिग्दर्शक रायन कूगलर स्वतः ओकलंडचा. त्याने हे शहर उगाच निवडले नसावे.

किलमाँगरचा सवाल साधा आहे : तुमच्याकडे एवढी संपत्ती, एवढे ज्ञान असताना जगभर आमची माणसे गुलामीत मरत होती, तेव्हा तुम्ही कुठे होता? या सवालाला राजाकडे उत्तर नाही. मग सिनेमा काय करतो? किलमाँगरच्या हातून त्याच्या स्वतःच्या मैत्रिणीचा खून करवतो, म्हाताऱ्या बाईचा गळा धरवतो, पवित्र बाग जाळवतो. सवाल खरा निघाला की सवाल करणाऱ्याचे हात रक्ताने माखायचे, ही युक्ती आहे. शेवटी किलमाँगर मरतो आणि त्याच्या मागणीतला सौम्य भाग राजा स्वतःच्या हाताने अमलात आणतो. त्याच ओकलंडमध्ये मदत केंद्र उघडतो. मागणी मान्य, मागणारा मात्र मेला पाहिजे. हे आम्हांला ओळखीचे वाटत नाही काय?

याच २०१८ साली पा. रंजित यांनी 'काला'मध्ये ही युक्ती मोडून दाखवली. धारावीतली जमीन वाचवणारा काळा माणूस नायक आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यातला, घरात रामायणाचा पाठ चालू असलेला बिल्डर-पुढारी खलनायक. त्यांनी रावणाला नुसती सहानुभूती दिली नाही, त्याची बाजूच कथेचा कणा केली. सहानुभूती आणि न्याय यांतला फरक तो हाच.

हे सारे पडद्यापुरते असते तर आम्ही शाई खर्च केली नसती. पण कायद्यानेही खलनायक लिहिले आहेत. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी पारध्यांसारख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. पण 'सराईत गुन्हेगार' हा शिक्का वेगळ्या कायद्यांतून आणि तुरुंगाच्या नियमांतून चालूच राहिला. तुरुंग नियमांतली ही जातीयता घटनाबाह्य ठरवायला सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२४ चा निकाल यावा लागला. इथे हेतूचा रकानासुद्धा कोणी भरला नव्हता. मॅग्नेटोला बालपण मिळाले, पारध्याच्या पोराला मिळाले नाही.

आणि मराठवाड्याचे काय? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव बौद्धवाडे पेटले. आमच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. या सगळ्याला नाव पडले 'दंगल'. दंगल म्हटले की दोन बाजू भांडल्या असे वाटते. घरे एका बाजूची जळाली, माणसे एका बाजूची मेली आणि शब्द मात्र दोघांच्या नावावर. नाव मागणारा दंगेखोर कसा ठरतो, ते या एका शब्दात कळते.

आजही अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद झाली की फिर्यादीवरच मारहाणीचा, चोरीचा उलट गुन्हा नोंदवण्याचा प्रयत्न होतो. किलमाँगरची युक्ती ती हीच. वकिली करताना आम्ही पाहतो की बहुतेक खटल्यांचा निकाल न्यायालयाच्या आधी ठाण्यातच लिहिला जातो, पहिल्या कागदावर. म्हणून तरुणांना एक सांगणे आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ ने अधिकाऱ्यावर स्पष्ट कर्तव्य टाकले आहे : तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून झाल्यावर फिर्यादीला वाचून दाखवायची, मगच सही घ्यायची आणि तिची प्रत ताबडतोब द्यायची. हयगय केली तर तो स्वतःच शिक्षेस पात्र आहे.

सिनेमे जरूर बघा. बघताना खलनायकाचा सवाल वेगळा काढा, त्याच्या हातून करवलेले गुन्हे वेगळे काढा आणि सवालाला उत्तर मिळाले काय ते तपासा. ही सवय लागली की ठाण्यातला कागदही तसाच वाचता येईल. बाबासाहेबांनी आम्हांला शिका म्हटले ते गोष्ट ऐकण्यासाठी नव्हे, ती तपासण्यासाठी. तेव्हा वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका आणि प्रत घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका. तो कागद तुमची गोष्ट आहे. ती तुमच्या शब्दांत लिहिली गेली पाहिजे.