रेग्युलर एक्सप्रेशन : सिद्धान्तातील आणि व्यवहारातील

रेग्युलर एक्सप्रेशनने वर्णन होणारी प्रत्येक भाषा, म्हणजे अक्षरमालिकांचा संच, सान्त अवस्थांचे यंत्र ओळखू शकते, असे संगणकशास्त्राच्या वर्गात शिकविले जाते. स्टीफन क्लीनी यांच्या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या सिद्धान्तापुरते ते खरेच आहे. पर्लमधील त्याच नावाच्या साधनाविषयी मात्र नाही, आणि विद्यार्थ्याची फसगत होते ती येथेच.

फरक पडतो तो मागील संदर्भामुळे. कंसात जुळलेला मजकूर '\१' या खुणेने जसाच्या तसा पुन्हा मागता येतो. (अअ+)\१+ हा आकृतिबंध घ्या. '+' म्हणजे एक वा अधिक वेळा. कंसात किमान दोन 'अ' येतात आणि तोच गट पुढे एकदा तरी यावा लागतो. सहा 'अ' असल्यास तीन-तीनचे दोन गट पडून संपूर्ण ओळ जुळते. सात असल्यास जुळत नाही. म्हणजे नेमक्या संयुक्त संख्याच निवडल्या गेल्या! एकाक्षरी नियमित भाषेतील लांबी कुठेतरी आवर्ती होतातच. मूळ संख्यांत असे आवर्तन नाही, म्हणून संयुक्त संख्यांतही नाही. सान्त यंत्राला हे जमणारे नव्हे.

या सामर्थ्याची किंमतही आहे. अशी जुळणी एनपी-पूर्ण असल्याचे आल्फ्रेड आहो यांनी १९९० साली दाखविले. केन थॉम्पसन यांची १९६८ची पद्धत शुद्ध आकृतिबंध मजकुराच्या लांबीच्या प्रमाणात वेळ घेऊन तपासते. मागील संदर्भ पेलणारी साधने बहुधा एकेक पर्याय चाचपत मागे फिरतात. भुर्दंड तो न वापरणाऱ्यालाही पडतो. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीची सेवा सुमारे २७ मिनिटे कोलमडली, तेव्हा दोषी आकृतिबंधात मागील संदर्भ नव्हताच.